पोफळीच्या आगरात भुईचाफा

सावलीच्या बागेविषयी इंग्रजीत लिहिलेले काहीही वाचायला घेतले, की पहिल्या दोन-तीन पानांतच होस्टा भेटतो. जपान, कोरिया आणि चीन ही त्याची मूळ भूमी. परंतु जमिनीलगत रुंद पानांचा घेर धरणारी ही वनस्पती युरोप-अमेरिकेच्या थंड प्रदेशांत घरामागच्या झाडांखाली इतकी रुळली आहे, की तिचे हजारो वाण आज नोंदले गेले आहेत आणि त्यांतले कितीतरी दुरंगी पानांचे आहेत. माझ्या भाचीच्या न्यू जर्सीतील घरी मेपलच्या झाडाखाली लावलेला ‘पेट्रिअट’ हा वाण मी पाहिला आहे. ‘फ्रान्सी’ नावाच्या जुन्या वाणातून तो निपजला. गडद हिरवे पान आणि त्याला रुंद शुभ्र काठ, त्यामुळे भर सावलीतही तो कोपरा उजळलेला दिसत असे. गुहागरच्या आमच्या आगरात, पोफळी आणि फणस यांच्या मधल्या काळोख्या पट्ट्याला असेच काहीतरी लाभावे, अशी इच्छा तिथूनच मनात धरून मी परत आले.

होस्टा इथे आणून लावायचा नाही, हे मात्र मी तेव्हाच ठरवले होते. त्या झाडाला थंडीतली झोप लागते. हिवाळ्याच्या तोंडावर त्याची पाने झडतात, जमिनीतला गड्डा काही आठवडे गोठणबिंदूच्या आसपासच्या थंडीत पडून राहतो, आणि ती थंडी पुरेशी मिळाली तरच वसंतात कोंब जोमाने वर येतात. ती मिळाली नाही तर झाड लगेच मरत नाही, पण वर्षागणिक पाने लहान आणि कोंब विरळ होत जातात. आमच्या किनाऱ्यावर जानेवारीच्या पहाटेही पारा सहसा पंधरा अंशांच्या खाली उतरत नाही. फ्रिजमध्ये गड्डे ठेवून ही थंडी पुरवणारे हौशी लोक उष्ण प्रदेशांत आहेत, हे मला ठाऊक आहे. परंतु जे झाड दरवर्षी काही आठवडे भाजीच्या कप्प्यात ठेवावे लागेल, त्याला बागेतले झाड म्हणायला माझे मन तयार होत नाही.

कोकणातल्या वनस्पतींनाही झोपेचा ऋतू आहे, आणि तो कोरडा आहे. दिवाळीनंतर सड्यावरचे गवत पिवळे पडते, रानहळद आणि शेवळे जमिनीत गडप होतात, आणि पुढचे सहा महिने त्यांचा मागमूसही राहत नाही. मग रोहिणी-मृगाच्या सुमारास, कधी कधी पावसाच्या आधीच, ती सारी मंडळी एकदम माती फोडून वर येतात. तेव्हा होस्टासारखे पान शोधण्याआधी इथल्या कोरड्या ऋतूत झोपणारा कंद शोधावा, आणि त्या कंदांतून पानाची निवड करावी, असा क्रम मी लावला. या क्रमाने पाहिल्यावर यादी फारच आखूड झाली.

रंगीत अळू, म्हणजे ज्याला रोपवाटिकेत कॅलेडियम म्हणतात, तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा असूनही कोकणात घरोघरी दिसतो आणि झोपतोही वेळेवर. परंतु त्याचे पान कागदासारखे पातळ असते, आषाढातल्या सरींनी ते फाटते, आणि त्याच्या रसाने खाज सुटते, म्हणून लहान मुले खेळतात त्या जागी तो मला नको होता. पिवळ्या पट्ट्यांचा अल्पिनिया देखणा आहे, पण तो माणसाच्या उंचीला जातो आणि बारा महिने ओल मागतो. त्याला विहिरीजवळच्या डोणीपाशी, सांडपाण्याच्या वाटेवर जागा दिली आणि तिथे तो सुखात आहे. उरला तो भुईचाफा.

भुईचाफा हा आले, हळद आणि सोनटक्का यांच्या कुळातला. अमेरिकेच्या दक्षिणेकडील उष्ण राज्यांत, जिथे होस्टा नीट जगत नाही, तिथले बागकाम करणारे लोक होस्टाच्या जागी भुईचाफ्याच्याच, म्हणजे केंफेरिया या प्रजातीची झाडे लावतात, हे मला पुढे कळले आणि गंमत वाटली. या प्रजातीला लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने ज्याचे नाव दिले, तो एंगेलबर्ट केंफर हा जर्मन वैद्य १६९० ते १६९२ या काळात डच व्यापारी कंपनीच्या नोकरीत जपानमध्ये होता, आणि १७१२ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात होस्टाचे वर्णन पाश्चात्य वाचकांपुढे पहिल्यांदा त्यानेच ठेवले. म्हणजे होस्टाच्या जागी मी जे झाड निवडले, ते होस्टा पहिल्यांदा टिपून घेणाऱ्या माणसाच्याच नावाचे निघाले.

कंद विकत घ्यावे लागले नाहीत. शेजारच्या वाडीतल्या काकूंच्या तुळशीमागे भुईचाफ्याचे जुने बेट आहे. मी मागायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, “अगो, आत्ता पाने हिरवी आहेत तोवर हात लावू नकोस. शिमगा होऊन गेला की ये, हवे तेवढे काढून देते.” शिमग्यानंतर त्यांनी कुदळीच्या टोकाने माती उकरली, तेव्हा पहिल्यांदा हा कंद मी नीट पाहिला. मधोमध आल्यासारखा ओबडधोबड तपकिरी गड्डा, आणि त्याला फुटलेल्या जाड मुळ्यांच्या टोकांना सुपारीएवढ्या गोल गाठी लोंबत होत्या. त्या गाठींत पाणी आणि पिष्ट साठवलेले असते आणि उन्हाळा निभावतो तो त्यांच्या बळावर. परंतु कोंब फुटतो तो मधल्या गड्ड्यावरच्या डोळ्यातून. त्यामुळे नुसती गोल गाठ लावून काही उगवत नाही, आणि गाठी तुटलेला गड्डा उगवला तरी पहिल्या वर्षी मुडदुशाच राहतो. काकूंनी प्रत्येक तुकड्याबरोबर तीन-चार गाठी शाबूत राहतील अशा बेताने ते सोडवून दिले.

गुहागरचे आगर समुद्राला लागून आहे. सुरूबनाच्या आत शिरले की लगेच माड-पोफळी सुरू होतात, आणि माती जवळजवळ पुळणीचीच आहे. पाणी धरून न ठेवणारी ही माती कंदाला फार मानवते. डोंगराकडच्या वाड्यांत जांभ्याच्या लाल मातीत हेच कंद लावायचे तर वीतभर उंचीचा गादीवाफा करावा लागतो, कारण जुलैत तिथे पाणी तुंबून आले-हळदीला होते तशी कंदकूज होते. आमच्याकडे मी वाफा चार बोटेच उचलला, रेतीत कुजलेले शेणखत आणि फणसाच्या पाल्याचे जुने खत मिसळले, कंद दोन बोटे खोल जातील आणि दोन कंदांत वीतभर अंतर राहील असे लावले, आणि वरून सुका पालापाचोळा पसरला. पाचोळा इथे शोभेसाठी नसतो. पोफळीच्या झावळ्यांच्या टोकांवरून पावसाची धार रात्रभर एकाच जागी पडत राहते आणि उघड्या रेतीत खळगा पाडून कंद उघडा पाडते.

पहिले पान वर येते तेव्हा ते घट्ट गुंडाळलेले असते, आणि पानाची खालची बाजू बाहेर असल्यामुळे जमिनीतून जांभळा भाला निघाल्यासारखा दिसतो. दोन-तीन दिवसांनी तो वरून सुटू लागतो आणि आतली हिरवी बाजू उघडी पडते. उघडलेले पान हातभर लांब आणि चार बोटे रुंद होते, जवळजवळ उभेच राहते, आणि मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना चंदेरी-हिरव्या रंगाचे ठिपके एकमेकांत मिसळून पिसाची नक्षी तयार होते. वाऱ्याने पान हलले की खालचा जांभळा रंग क्षणभर डोकावतो, त्यामुळे हे बेट स्थिर असताना एका रंगाचे आणि हलताना दुसऱ्याच रंगाचे दिसते. होस्टाच्या पांढऱ्या काठासारखी दुरून डोळ्यांत भरणारी ही नक्षी नाही, हे मान्य केले पाहिजे. ती पाहायला चार पावले जवळ जावे लागते.

या दोन्ही झाडांच्या रंगीबेरंगी पानांमागचे कारणही वेगळे आहे, आणि बाग करणाऱ्याच्या दृष्टीने तो फरक कामाचा आहे. होस्टाच्या पांढऱ्या काठात हरितद्रव्यच नसते. कोंबाच्या टोकाशी असलेल्या पेशींच्या थरांपैकी एका थरात तो दोष शिरलेला असतो आणि बाकीचे थर हिरवे असतात. म्हणून तो वाण बियांतून तसाच उतरत नाही, गड्ड्याचे भाग करूनच वाढवावा लागतो, आणि मध्येच एखादा पूर्ण हिरवा कोंब निघाला तर तो वेळीच काढून टाकावा लागतो, कारण हिरवा कोंब जास्त अन्न तयार करतो आणि हळूहळू सगळा गड्डा बळकावतो. भुईचाफ्याच्या नक्षीत असा काही बिघाड नसतो. ती जातीचीच खूण आहे, दर कोंबाला येते, आणि हिरवे कोंब निवडून काढण्याचे काम कधीच करावे लागत नाही. सावलीतल्या पुष्कळ वनस्पतींत असा चंदेरी रंग पानाच्या वरच्या त्वचेखाली राहिलेल्या हवेच्या सूक्ष्म पोकळीतून प्रकाश परतल्यामुळे दिसतो आणि त्या भागातही हरितद्रव्य असते. त्यामुळे पान नक्षीदार असूनही अन्न तयार करण्यात मागे पडत नाही.

प्रकाशाचा अंदाज मात्र झाड लावूनच घ्यावा लागला. फणसाच्या अगदी बुंध्याशी, जिथे दिवसभर कवडसाही पडत नाही, तिथे पाने लांबुळकी होऊन जमिनीवर लोळली. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, पश्चिम अंगाला, जिथे उघडीप पडली की दुपारचे ऊन थेट येते, तिथे पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळल्या आणि नक्षी फिकी पडली. पोफळीची हलती सावली सर्वांत उत्तम, कारण झावळ्या विरळ असतात आणि कवडसे एका जागी थांबत नाहीत. भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने ‘लाखीबाग’ म्हणून जी पद्धत रुजवली, तिच्यात माडांच्या सावलीचा असाच हिशेब करून जायफळ, दालचिनी आणि मिरी लावतात; मी तोच हिशेब जमिनीपर्यंत खाली आणला, इतकेच.

पावसाळ्यात खरे शत्रू तीन. पहिला गोगलगाय, विशेषतः ती मोठी आफ्रिकी जात, जी मृगाच्या पहिल्या आठवड्यातच गडग्याच्या फटींतून बाहेर पडते. रात्री जेवणानंतर विजेरी आणि मिठाच्या पाण्याची बादली घेऊन एक फेरी मारणे याहून खात्रीचा उपाय मला सापडलेला नाही. वाफ्याभोवती मीठ पसरण्याचा सल्ला पुष्कळजण देतात, पण सरीबरोबर ते मातीत उतरते आणि कंदांना बाधते. दुसरी अळी. हळद आणि सोनटक्का यांच्यावर येणारी हिरवी, काळ्या डोक्याची अळी भुईचाफ्याच्या पानाची कड दुमडून आत बसते. दुमड उलगडून ती काढून टाकली की काम भागते. कधी कधी पान उलगडल्यावर त्यावर आडव्या रेषेत सारख्या अंतराने भोके दिसतात, जणू कोणी मुद्दाम टोचली आहेत. पान भाल्यासारखे गुंडाळलेले असतानाच किड्याने एका ठिकाणी आरपार कुरतडलेले असते, आणि उलगडल्यावर त्या एका जखमेची माळ होते. अशी भोके दिसली की पुढचे पान उघडण्याआधी कोंब तपासावा.

तिसरा शत्रू आम्हीच आणलेला आहे. पोफळीवर कोळेरोग येऊ नये म्हणून पावसाच्या तोंडावर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारतात, म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. फवारणी शेंड्यावर होते, थेंब खाली गळतात, आणि त्याच सुमारास भुईचाफ्याची कोवळी पाने नुकती उलगडत असतात. बोर्डो मिश्रण चिकटून राहावे म्हणूनच बनवलेले असते. ते चार महिन्यांच्या पावसानेही नीट धुतले जात नाही आणि चंदेरी नक्षीवर निळसर पांढरे डाग हंगामभर राहतात. फवारणीच्या दिवशी सकाळीच गळालेल्या विऱ्या, म्हणजे पोफळीच्या झावळ्यांचे रुंद बुडखे, वाफ्यावर उपड्या घालून ठेवायच्या आणि फवारणारा उतरला की काढून घ्यायच्या, हा सोपा उपाय आमच्या गड्याने सुचवला. आता तो न सांगता विऱ्या आणून ठेवतो.

हस्ताचा पाऊस सरला की पानांच्या टोकांपासून पिवळेपणा उतरू लागतो. दिवाळीपर्यंत बेट विस्कटते, आणि कार्तिक संपता संपता वर काहीच उरत नाही. इथून पुढचे सहा महिने भुईचाफ्याला कोरडे हवे असतात, आणि आगरात नेमके इथूनच शिंपणे सुरू होते. पोफळीला उन्हाळाभर पाणी लागते. पाटाने ते आळ्या-आळ्यांत फिरवले जाते आणि रेताड मातीतून ते आडवेही पुष्कळ झिरपते. होस्टाच्या थंडीचा प्रश्न टाळून मी जिथे आले, तिथे कोरडेपणाचा हा प्रश्न उभा होता, आणि माझ्या मते किनाऱ्यावरच्या सावलीच्या बागेचा सगळा पेच इथेच आहे, कारण जिथे सुखाची सावली आहे तिथे पाणीही बारा महिने आहे.

किती ओल चालते हे पाहण्यासाठी काही कंद मी मुद्दाम पोफळीच्या आळ्याच्या कडेला ठेवले होते. माघातच त्यांना अवेळी कोंब फुटले, पाने बोटभर येऊन थांबली, काही गाठी दाबल्यावर मऊ लागल्या, आणि वैशाखात त्या बेटाला एकही फूल आले नाही. त्याच आगरात, पाटापासून दूर, गडगा आणि फणस यांच्यामधल्या पट्ट्यात ठेवलेले कंद मात्र शिमग्यानंतर उकरून पाहिले तेव्हा कठीण होते आणि त्यांच्या डोळ्यांना नुकता जांभळा रंग आला होता. फणसाची मुळे तिथली ओल ओढून घेतात, याचाही त्यात भाग असावा. म्हणून आता मुख्य बेट त्या पट्ट्यात आहे. पोफळींच्या मधोमध जे लावायचे, ते मार्गशीर्षात काढून घेते, रेती झटकते, दोन-तीन दिवस सावलीत सुकवते आणि टोपलीत कोरड्या रेतीच्या थरांत घालून माळ्यावर ठेवते. हळदीचे बेणे राखतात त्याच रीतीने हे चालते. फक्त भुईचाफ्याच्या गाठी लोंबत्या असल्यामुळे टोपलीत त्यांच्यावर वजन पडू द्यायचे नाही. चैत्र संपण्याच्या सुमारास हे कंद पुन्हा जागेवर जातात. मोकळ्या वाफ्यावर कोणी सोडणांची, म्हणजे नारळाच्या सालींची, रास किंवा सरपण रचू नये म्हणून चारी कोपऱ्यांना चिऱ्याचे तुकडे पुरून ठेवलेले बरे.

फुलाविषयी खरे तर मी काही अपेक्षा धरली नव्हती, कारण पानासाठीच झाड लावले होते. ते येते पानांच्या आधी, एप्रिलच्या अखेरीपासून, एखादी अवकाळी सर पडून गेली असेल तर अधिकच. सकाळी वाफ्यावरचा पाचोळा जरासा उचललेला दिसतो, आणि त्यातून देठाशिवाय, थेट मातीला चिकटून फूल उमललेले असते. वर दोन उभ्या पांढऱ्या पाकळ्या, खाली दोन भागांत चिरलेली जांभळट ओठाची पाकळी, तिच्या घशाकडे गडद होत गेलेला रंग, आणि या सगळ्याला आधार देणारी एक बारीक लांब नळी, जी थेट जमिनीतल्या बीजकोशापर्यंत जाते. पाकळ्या इतक्या पातळ असतात की बोट लागले तरी ओरखडा उमटतो. संध्याकाळपर्यंत फूल ओल्या कागदासारखे लोळते, आणि दुसऱ्या सकाळी त्याच जागी शेजारची कळी उमलते. असे एका कंदावर काही दिवस चालू राहते. फुले पाहायला काकू आल्या होत्या. मी एक खुडून त्यांच्या हातात देऊ लागले, तर त्या म्हणाल्या, “राहू दे गो, हा केसात टिकत नाही. वास घ्यायचा तर आपणच खाली वाकावे.”

बेट दाटले की, साधारण तीन-चार वर्षांनी, फुले कमी होतात आणि मधले कोंब बारीक पडतात. तेव्हा डोळे फुगण्याआधी, म्हणजे चैत्रातच, सगळे काढून वेगळे करावे. कोयत्याने कापण्यापेक्षा हाताने मोडलेले तुकडे चांगले जगतात असा माझा अनुभव आहे. मोडलेल्या जागेला राख लावून एक रात्र तसेच ठेवायचे आणि मग लावायचे. वेगळा केलेला कंद पहिल्या हंगामात पुष्कळदा पानावरच भागवतो. यंदा निघालेले जास्तीचे कंद मी मागच्या दारच्या रातांब्याखाली लावले आहेत, जिथे सावली पोफळीपेक्षा दाट आहे पण उन्हाळ्यात थेंबभर पाणी पोचत नाही. पाने तिथे किती उभी राहतात, ते श्रावणात कळेल.